काळ्या लाखेचं पत्र

ॲशमीडच्या घरात पत्रं लिहायचं काम मिस लेटिस ॲम्फलेटकडे कधी आलं, हे कुणालाच नीट आठवत नव्हतं. थोरला भाऊ गॉडफ्रे घराचा मालक, तालुक्याचा मानद न्यायाधीश आणि तितरांचा काळ. त्याचं म्हणणं असं, की लेखणी धरली की उजव्या अंगठ्यातला संधिवात जागा होतो. बंदूक धरली की तोच संधिवात गाढ झोपायचा. त्याची बायको ऑगस्टा पत्रं लिहायची, पण फक्त माहेरी, आणि त्यात सासरच्या माणसांचं कौतुक कितपत असे, हे तिचं माहेरच जाणे. उरली लेटी. लग्न झालेलं नव्हतं. ते आता होईल असं आरसासुद्धा सुचवत नव्हता. अक्षर मात्र मोत्यासारखं होतं. ज्या घरात बिनलग्नाची बहीण आणि मोत्यासारखं अक्षर एकत्र सापडतं, तिथे बाकीच्यांचे अंगठे आपोआप दुखायला लागतात.

तर लेटी लिहायची. नाताळचे आभार, शेजाऱ्यांच्या जेवणाला होकार, नकोशा पाहुण्यांना गोड शब्दांत नकार, सगळं तीच. पण तिची खरी पत्रं दोनच ठिकाणी जायची. एक, धाकटा भाऊ रूपर्ट, आरमारात होता, त्याला. त्याचं जहाज जमैकाच्या बाजूला. त्या बाजूला पिवळा ताप असतो हे सगळ्यांना माहीत होतं आणि म्हणून जेवताना कुणी त्या बाजूचं नाव काढत नसे. शरद ऋतूपासून त्याचं पत्र नव्हतं. दुसरी, धाकटी बहीण क्लेमन्सी. ती दूर नॉरफोकला, रेव्हरंड ॲम्ब्रोज ट्यूक नावाच्या गरीब आणि विसरभोळ्या धर्मोपदेशकाच्या घरी नांदत होती.

सध्या लेटीचा सगळा जीव या क्लेमपाशी अडकलेला होता. क्लेमची दोन मुलं जन्मतःच गेली होती. आता तिसऱ्या खेपेला दिवस भरत आले होते. डॉक्टरने बजावलं होतं, हिला कसलाही धक्का बसता कामा नये. धक्का बसला तर मूल जाईल, आणि या खेपेला नुसतं मूलच जाईल असंही नाही. हे दुसरं वाक्य ट्यूकसाहेबांनी पत्रात लिहून मग खोडलं होतं. इतकं पातळ खोडलं होतं, की लेटीला ते बाकीच्या पत्रापेक्षा ठळक दिसलं.

तेव्हापासून ती दर गुरुवारी क्लेमला फक्त हसण्यासारखं लिहायची. ऑगस्टाच्या टोपीच्या खोक्यात मांजर व्यायली. टर्की कोंबड्याने पाद्रीबुवांना अंगणभर पळवलं. गॉडफ्रेने नवीन गटार खणून घेतलं आणि पाणी उलटं त्याच्याच तळघरात आलं. रूपर्टबद्दल ती लिहायची, 'वाऱ्यामुळे टपालाची जहाजं उशिरा येताहेत असं पेपरात आहे.' पेपरात असं काही नव्हतं. लेटी आयुष्यात इतकं खोटं कधी बोलली नव्हती, पण लिहिताना तिला ते अगदी सहज जमे.

पत्र म्हणजे एकच कागद. टपालाचे पैसे पत्र घेणाऱ्याने भरायचे; दुसरा कागद लावला की ते दुप्पट, आणि ट्यूकसाहेबांचा खिसा तो केवढा! म्हणून पान भरलं की लेटी ते आडवं धरायची आणि लिहिलेल्या ओळींवरूनच आडव्या ओळी लिहायची. परक्याला ते पत्र चाळणीसारखं दिसलं असतं. क्लेम मात्र घडाघडा वाचायची. मग कागदाची घडी, बाहेर पत्ता, आणि घडीच्या तोंडावर लाखेचा ठिपका, त्यावर ॲम्फलेट घराण्याचा शिक्का. लाख लाल. काळी लाख फक्त घरात कुणी गेलं तर. पत्र हातात पडताच उघडण्याआधी माणसं आधी लाखेचा रंग बघत.

मार्चमधल्या त्या गुरुवारी दुपारी पत्र लिहून होतंय न होतंय तोच खालून गॉडफ्रेचा आवाज आला, "लेटी! पिशवीला कुलूप लावतोय! नोआ घोड्यावर बसलाय!"

"आले रे, आले!"

"तू 'आले' म्हणतेस तेव्हा अजून सही व्हायची असते!"

सही झाली होती. लेटीने मेणबत्तीवर लाखेची कांडी धरली. डोळे खिडकीबाहेर होते, तिथे नोआ प्रॅट, जुना गाडीवान, घोड्याला काहीतरी समजावत होता. ठिपका पडला, शिक्का दाबला, पत्र घेऊन ती जिन्यावरून धावली. गॉडफ्रेने पत्र पिशवीत कोंबलं, कुलूप लावलं आणि नोआ निघाला.

ती परत वर आली आणि मेजावरचा पसारा आवरायला लागली. लाल कांडी तबकात होती. तिचं टोक नवंकोरं, गुळगुळीत होतं. लेटी थांबली. शेजारी काळी कांडी पडली होती. तिने ती उचलली. कोमट होती.

काळी कांडी ऑगस्टाची. तिचे वडील फेब्रुवारीत गेले होते आणि सांत्वनाच्या पत्रांना उत्तरं द्यायला ती याच मेजावर बसत असे. लेटी खुर्चीत बसलीच नाही, कारण खुर्ची कुठे आहे हे तिला दिसेना.

"काय झालं? भूत बघितल्यासारखी काय उभी?" ऑगस्टा दारात आली.

"मी क्लेमच्या पत्राला काळी लाख लावली."

"मग? माझे बाबा गेलेच आहेत. घरात दुखवटा आहे. उलट तू इतके दिवस लाल लावत होतीस, तेच मला खटकत होतं. पण मी कधी बोलले का?"

"आत्ता बोलतेयस. ऑगस्टा, तुझे बाबा गेले ते क्लेमला कधीच कळवलंय. लाल लाखेच्या पत्रातून. आता अचानक काळी बघितली तर तिला काय वाटेल? कोण गेलं असं वाटेल?"

ऑगस्टाने विचार केला. तिचा चेहरा उतरला, हे तिच्या बाजूने सांगायलाच हवं. "रूपर्ट," ती म्हणाली.

लेटीने बोनेट डोक्यावर चढवलं. छोटी गाडी दुरुस्तीला गेलेली होती. टेनबरो गाव सडकेने लांब, पण शेतातल्या वाटेने बरंच जवळ. घरच्या बाईने एकटीने, चिखलातून, कुंपणं चढत जाणं ही ॲशमीडमध्ये चर्चेची गोष्ट झाली असती. पण चर्चा करायला मागे फक्त ऑगस्टा होती, आणि तिने न बोलता स्वतःचे जाड बूट पुढे केले. वाटेभर लेटीच्या डोळ्यांसमोर एकच चित्र होतं. ट्यूकसाहेब पत्र घेतात, रंग त्यांच्या लक्षातही येत नाही, आणि 'तुझं पत्र ग' म्हणून ते थेट क्लेमच्या मांडीवर ठेवतात. हा माणूस एकदा स्वतःचंच प्रवचन भाजीच्या टोपलीत विसरून आला होता.

टेनबरोचं टपाल मिसेस बिंडलच्या दुकानात होतं. एका बाजूला मेणबत्त्या आणि फिती, दुसऱ्या बाजूला राजाचं टपाल. लेटी धापा टाकत आत शिरली. मिसेस बिंडलने तिला बघताच आपला आवाज लोण्यासारखा मऊ केला.

"कोण गेलं हो, मिस ॲम्फलेट?"

"कुणी नाही गेलं! चुकून काळी लाख लागली."

"पहिल्यांदा असंच वाटतं. माझे मिस्टर गेले तेव्हा मीही सगळ्यांना सांगत होते, झोपलेत म्हणून. बसा तुम्ही."

"मिसेस बिंडल, खरंच कुणी गेलं नाही. ते पत्र मला परत द्या. ते बघा, तिथे वरच दिसतंय."

पत्र खणात पडलेलं होतं. काळा ठिपका इतका नीट, इतका गोल बसला होता, की एवढा सुंदर शिक्का लेटीकडून आयुष्यात उठला नव्हता.

"ते देता येत नाही."

"माझंच पत्र आहे. माझ्या हातचं!"

"घरात होतं तोवर तुमचं. तिकडे पोचलं की मिसेस ट्यूकचं. मधल्या वाटेत ते राजाचं."

"राजाला आमच्या मांजरीच्या पिल्लांचं काय करायचंय?"

"ते तुम्ही त्यांना विचारा. मी इथे नोकरी करते."

"निदान त्यावर बाहेरून दोन शब्द लिहू द्या. इथेच, तुमच्यासमोर."

"त्यावर माझा शिक्का बसलाय, मिस. शिक्क्यावरून कुणी शाई लावली तर वूस्टरहून टपाल खात्याचा माणूस येतो. आला होता एकदा. दोन दिवस राहिला आणि सगळी आल्याची बिस्किटं खाऊन गेला." मग ती जरा नरमली. "दुसरं पत्र लिहा ना. टपालगाडी अजून यायचीय. दोन्ही मी दोऱ्याने एकत्र बांधते, तुमचं नवीन वर. पण आधीच सांगते, लंडनला गठ्ठे सोडतात. तिथली माणसं दोऱ्याचा मान ठेवतील असं नाही."

लेटीने तिथेच फितींच्या मेजावर वाकून कागदाच्या तुकड्यावर लिहिलं, 'क्लेम, कुणीही मेलेलं नाही. काळी लाख हा माझा गाढवपणा.' घडी घातली आणि बाहेर, पत्त्याच्या वर, दुरून वाचता येईल एवढ्या अक्षरांत लिहिलं: 'सगळे खुशाल.' मिसेस बिंडलने लाखेऐवजी चिकटवायची लाल टिकली दिली. लेटी ती दारात नेऊन उजेडात धरून बघत राहिली.

"लालच आहे ना?"

"आमच्याकडे तरी लाल ते लालच असतं, मिस."

परत निघताना पाववाल्याने टोपी काढली. लोहाराने हातोडा खाली ठेवला. लेटीला वाटलं, आज गाव फार सभ्य वागतंय. कारण तिला दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं.

सकाळी कर्नल हेसेलटाइन आले. शेजारच्या मोठ्या घरातले, कधी न येणारे. हातात काळे हातमोजे. त्यांनी दिवाणखान्यात गॉडफ्रेचा हात दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाले, "शूर मुलगा होता, ॲम्फलेट. आरमाराची शान होता."

लेटी शेजारच्या खोलीत होती. दार उघडलं आणि गॉडफ्रे आत आला. त्याच्या तोंडावर एरवी तांबूस रंग असायचा, तो कुठेच नव्हता.

"लेटी. कर्नलला लंडनहून काहीतरी कळलंय. रूपर्ट 'होता' म्हणाले. होता."

"गॉडफ्रे, बस आधी."

"मला बसायचं नाही! तुला कळतंय का मी काय सांगतोय?"

"कर्नलला लंडनहून काही कळलेलं नाही. त्यांना मिसेस बिंडलकडून कळलंय. आणि मिसेस बिंडलला माझ्या लाखेवरून."

सगळं सांगून होईपर्यंत गॉडफ्रे तिच्याकडे बघत होता. मग तो जो कडाडला, तो पलीकडे बसलेल्या कर्नललाही ऐकू गेला असणार, कारण कर्नल निरोप न घेताच निघून गेले आणि हातमोजे विसरून गेले. अक्कल, डोळे, बायकांची जात, ॲम्फलेट घराण्याची अब्रू, सगळं निघालं. लेटी ऐकून घेत होती, कारण बोलता बोलता गॉडफ्रे मेजावरची शाईची दौत सरळ करत होता, परत परत सरळ करत होता. जेवताना रूपर्टचं नाव सगळ्यात आधी टाळणारा हाच.

"क्लेमचं पत्र कधी येईल?" शेवटी त्याने विचारलं.

"काय माहीत."

"तिला काही झालं तर..." तो थांबला. "ट्यूक लिहील?"

"लिहील. मग खोडेल."

त्या दिवसापासून ॲशमीडमध्ये एक नवीन गोष्ट सुरू झाली. टपालाच्या वेळेला गॉडफ्रे फाटकापर्यंत चालत जायला लागला. नवीन गटाराचा उतार बघायचाय, असं तो सांगे. गटार घराच्या मागच्या बाजूला होतं. रोज नोआ त्याच्या हातात पिशवी देई आणि रोज लेटी वरच्या खिडकीतून बघे. भाऊ पिशवी उघडतो, आत हात घालतो, पत्रं एकेक करून उलटी करून लाखेचा रंग बघतो, आणि परत घराकडे चालायला लागतो. गॉडफ्रेची पाठ इतकी म्हातारी कधी झाली, हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं.

लेटीला जेवण जाईना. शिवण उसवून परत शिवायची. पुढच्या गुरुवारी ती लिहायला बसली आणि काही सुचेना. वाचायला पलीकडे कुणी आहे का, हेच माहीत नसताना टर्की कोंबड्याचं काय लिहायचं? ऑगस्टा येऊन शेजारी बसली. तिने न सांगता आपली काळी कांडी उचलली आणि आपल्या खणात ठेवून कुलूप लावलं.

"आता मी माझ्या खोलीतच लिहीत जाईन," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "जेवलीस का?"

पत्र आलं ते सगळे न्याहारीला बसलेले असताना. गॉडफ्रे फाटकावरून आला, टोपी न काढता मेजापाशी उभा राहिला आणि पत्र लेटीच्या ताटाशेजारी ठेवलं.

लाख लाल होती. तिरकी, पसरलेली, पण लाल. लेटीने सुटकेचा श्वास घ्यायला सुरुवात केली आणि मग पत्ता बघितला. अक्षर क्लेमचं नव्हतं. ट्यूकसाहेबांचं होतं.

क्लेमने आजवर स्वतःच्या पत्रावर दुसऱ्याला पत्ता घालू दिला नव्हता. मग ट्यूकने का घातला? आणि लाल लाखेचं काय मोठं? प्रवचन भाजीत विसरणाऱ्या माणसाला लाल कुठली आणि काळी कुठली, याची शुद्ध त्या वेळी राहिली असेल?

"उघड," गॉडफ्रे म्हणाला.

"तू उघड."

"माझा अंगठा दुखतोय."

लेटीने लाख मोडली. कागद उलगडला आणि आत पेन्सिलीने लिहिलेल्या वेड्यावाकड्या ओळी दिसल्या. पहिला शब्द होता 'गाढवे'. हे अक्षर क्लेमचं होतं. जगात दुसरं कुणी लेटीला असं म्हणत नव्हतं.

"क्लेम आहे," ती म्हणाली. गॉडफ्रे खुर्चीत बसला. टोपी अजून डोक्यावरच होती.

"मोठ्याने वाच. सगळ्यांसाठी असतं पत्र."

त्या घरात तशीच रीत होती. लेटीने वाचायला सुरुवात केली. "'गाढवे, मुलगी झाली. दोघी ठीक आहोत. नाक गॉडफ्रेसारखं आहे, पण मोठी झाल्यावर सुधारेल असं सुईण म्हणते. मला अंथरुणात शाई द्यायला कुणी तयार नाही, म्हणून पेन्सिल, आणि पत्ता ॲम्ब्रोजने घातलाय. त्याने गाव चुकीचं लिहिलं असेल तर हे पत्र तुला मिळणार नाही आणि मग तुला हे कळणारही नाही.'"

"नाकाला काय झालंय माझ्या?" गॉडफ्रे म्हणाला आणि त्याने नाकाला हात लावून बघितला.

"'तुझं 'सगळे खुशाल' एक दिवस उशिरा आलं. काळं आधी आलं. आणि बघ, ॲम्ब्रोजला या वेळी रंग दिसला! त्याने पत्र कोटाच्या खिशात दडवलं आणि दिवसभर असा चेहरा करून हिंडला, की शेवटी मीच त्याच्या खिशात हात घातला. काळा ठिपका बघितला. हातपाय गार पडले.'"

लेटीने पान उलटलं. पुढचा मजकूर कागदाच्या घडीच्या आतल्या भागात होता, लाखेखाली झाकला जाईल असा. तिथे बहिणी एकमेकींना खाजगी लिहीत. तिची नजर ओळींवरून पुढे गेली आणि आवाज थांबला.

'हे मोठ्याने वाचू नकोस. मग मी पत्ता बघितला, लेटी. तुझं अक्षर. तुझा तो लांब शेपटीचा ट. आणि मला काय वाटलं माहिती आहे? वाटलं, चला, कुणीही असो, लेटी नाही. लिहिलंय म्हणजे ती आहे. त्यानंतरच मला श्वास घेता आला. मग बसून मनातल्या मनात एकेकाला मारून बघितलं. रूपर्टवर खूप रडले, गॉडफ्रेवरसुद्धा रडले. ऑगस्टाला जरा फारच सहज मारलं, देव मला क्षमा करो. मग उघडलं तर मांजरीची पिल्लं! इतकी हसले की सुईणीला बोलवावं लागलं.'

"पुढे?" गॉडफ्रे म्हणाला.

"पुढे..." लेटीने कागद जरा छातीशी धरला. "पुढे हवामान आहे."

"हवामान?"

"नॉरफोकचं."

ऑगस्टाने चहाचा कप खाली ठेवला आणि नणंदेकडे नीट बघितलं. "हवामान वाचून कुणी एवढं रडतं?"

"वारा फार आहे तिकडे," लेटी म्हणाली आणि नाक पुसलं. "आणि तुझी फार आठवण काढलीय तिने."

"माझी?" ऑगस्टा चकित झाली. "खरंच? काय म्हणते?"

"तुझ्यासाठी देवाची प्रार्थना केली, म्हणते."

यात एक अक्षरही खोटं नव्हतं. गॉडफ्रेने आता कुठे टोपी काढली आणि अंड्यांचं ताट पुढे ओढलं. उजव्या हाताने, अंगठ्यासकट. अर्धं खाऊन तो उठला आणि खिडकीशी जाऊन फाटकाकडे बघत राहिला. पिशवीत जमैकाचं काही नव्हतं.

"उद्याही तो उतार बघायला लागेल," तो कुणालाच उद्देशून म्हणाला.

"बघायलाच हवा," लेटी म्हणाली. तिने पत्र घडी करून झग्याच्या खिशात ठेवलं आणि रूपर्टला लिहायला वर गेली. त्याला सांगायचं होतं, तुला भाची झाली. तिचं नाक बघायला लवकर ये.